पापड मोडेपर्यंत

आमच्या सरांच्या हाताखाली ज्याने काम केलं, त्याला पुन्हा आयुष्यात पापड नुसता खाता येत नाही. लग्नाच्या पंगतीत ताटात पापड पडला की मी आधी त्याच्या कडेला अंगठा लावतो. वाकला तर मांडवातली हवा दमट, मोडला तर कोरडी. परवा पुतण्याच्या लग्नात मी वाढप्याला म्हणालो, "पंख्यांची तोंडं फिरवा, हवा कोंडलीय." त्याने निमूटपणे दुसरा पापड आणून दिला आणि म्हणाला, "काका, हा कुरकुरीत आहे." बायकोने टेबलाखालून चिमटा काढला. तिचंही बरोबर आहे. पण ज्या माणसाने मला हे व्यसन लावलं, त्याला तुम्ही पाहिलेलं नाही.

दिसायला सर फारसे प्रेक्षणीय नव्हते. उंच, किडकिडीत, नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा आणि अंगात राखाडी स्वेटर. त्या स्वेटरला सात बटणं होती. दिवाळीनंतर थंडी पडली की सातही बटणं लागत. मग संक्रांतीनंतर दर पंधरवड्याला वरून एक बटण सुटे. एका वेळी एकच. मार्चमध्ये सगळं नांदे गाव घामाने निथळत असलं तरी सर तीन बटणं लावून शेडमध्ये फिरत असत, आणि कुणी हसलं तर म्हणत, "एकदम काढला की माणूस आजारी पडतो. सवय ही बटणाबटणाने लागते."

उन्हातून आत येताना ते दारात थबकत. एक पाय बाहेर, एक पाय आत, पाच मिनिटं. कुणाला वाटावं पायात काटा गेलाय. चहा आला की आधी कपाला हात लावून बसत, मग बशीत ओतत, मग बशीकडे बघत बसत. तोवर आमचे दोन कप होऊन जात.

मी परभणीहून आलो तेव्हा हातात बी.एस्सी.ची पदवी होती आणि डोक्यात हवा. सरांनी पहिल्या दिवशी मला काही काम दिलं नाही. खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुळा नदीच्या पुलापर्यंत. चौथ्या दिवशी मी चिडून विचारलं, की मला नोकरीवर घेतलंय की पथ्यावर. सर शांतपणे म्हणाले, "परभणीकर, तुम्ही अजून बाटलीत आहात. बाहेर काढतोय." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा परभणीकर झालो. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

बाटलीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या मालकांची पुण्यात प्रयोगशाळा होती. तिथे एका झाडाच्या कोंबाच्या तुकड्यांपासून काचेच्या बाटल्यांत हजारो रोपं वाढवत. बाटलीतल्या रोपासारखं सुखी जगात कुणी नसतं. साखर खायला, वारा नाही, ऊन नाही, किडा नाही. हवा इतकी दमट की पानाला पाणी राखावंच लागत नाही. पानावर सूक्ष्म दारं असतात, त्यातून पाणी बाहेर जातं. शेतातलं झाड दुपारी ती दारं लावून घेतं. बाटलीतल्या रोपाने कधी दार लावलेलंच नसतं. असं रोप बाहेर काढून उन्हात ठेवलं की तासाभरात आडवं.

म्हणून बाटलीतून निघालेली रोपं नांद्याच्या आमच्या शेडमध्ये येत. मुळांना चिकटलेला खळीसारखा लगदा धुवायचा, नारळाच्या काथ्याच्या भुशात रोप लावायचं, वर तारेच्या कमानी आणि त्यावर प्लॅस्टिकचा पडदा. मग तो पडदा रोज दोन बोटं वर करायचा. महिना-सव्वा महिन्यात पडदा पूर्ण निघतो आणि रोप जगात येतं. हे सगळं सांगायला सोपं. खरा प्रश्न असतो, आज दोन बोटं वर करायचा की नाही? आतली हवा किती दमट, हे कळायचं कसं?

मालकांनी त्यासाठी परदेशातून एक काटा आणला होता. नाजूक, चकचकीत. तो पडद्याच्या आत टांगला आणि पंधराव्या दिवशी एका आकड्यावर कायमचा बसला. ओलावा मोजणारं यंत्र ओलाव्याने गेलं. सरांनी त्याला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी घरून एक डबा आणला. डब्यात उडदाचे पापड. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, स्वतः लाटलेले, एका जाडीचे. एक पापड चिमट्याने कमानीला टांगला. तासाभरात तो सादळून फडक्यासारखा लोंबला.

"हा पहिला दिवस," सर म्हणाले. "ज्या दिवशी हा आत टांगलेला असताना कट् करून मोडेल, त्या दिवशी पडदा काढायचा."

तेव्हापासून शेडचा सगळा कारभार पापडावर चालू लागला. सकाळी आठला आणि दुपारी तीनला सर पडद्याखाली डोकं घालत. आत चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून चष्मा काढून खिशात ठेवत आणि आंधळ्यासारखा हात पुढे करून पापड चाचपत. "चिंध्या," असं म्हटलं की पडदा तसाच. "चामडं" म्हटलं की दोन बोटं वर. दर तिसऱ्या दिवशी नवा पापड. दोघांच्या घरात एवढे पापड जातात कुठे, असं काकू विचारत, आणि सर त्यांना खरं सांगत. त्यांचा विश्वास बसत नसे.

मालकांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मालक सरांचे कॉलेजातले विद्यार्थी. सरांनी त्यांना एकदा प्रॅक्टिकलमध्ये नापास केलं होतं आणि निवृत्त झाल्यावर त्याच सरांना मालकांनी शेडवर बोलावलं होतं. सर त्यांना अरे-तुरे करत, मालक सरांना वाकून बोलत. पगार कोण कुणाला देतं, हे बघणाऱ्याला कळत नसे.

आता धायटी. मुळशीच्या डोंगरउतारावर धायटीचं झुडूप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. माघ-फाल्गुनात तांबडी फुलं फांदीला चिकटून येतात, पोरं त्यातला मध चोखतात. आसव-अरिष्टं करणाऱ्यांना ती फुलं लागतात. एका औषधवाल्यांना धायटीची बागच हवी होती, डोंगरावर जाऊन ओरबाडायला नको म्हणून. सरांनी उन्हाळाभर पायपीट करून धरणाच्या वरच्या अंगाला एक झुडूप शोधलं. इतरांच्या दुप्पट फुलणारं. त्याचे कोंब बाटल्यांत गेले.

शेडमधल्या बायकांची मुकादम हौसाबाई. तिला हे कळल्यावर ती कपाळाला हात लावून खालीच बसली. म्हणाली, "सर, धायटी डोंगरावर फुकट हाय. तिला बाटलीत घालून पुन्हा भाईर काढायची, ही कसली वो नोकरी?"

सर म्हणाले, "हौसाबाई, तुम्हाला पगार मिळतोय ना?"

"मिळतुया की. म्हणून तर इचारतीया हळू आवाजात."

पहिली खेप मेली. दुसरी खेप मेली. आणि दुसरी मरत होती त्याच आठवड्यात बातमी आली, की धरणावरच्या त्या उतारावर बंगल्यांचे प्लॉट पडले आणि बुलडोझरने ते झुडूप मुळासकट काढलं. सर स्कूटरवरून तिथे जाऊन आले. परत आल्यावर दारात पाच मिनिटं थांबलेच नाहीत, सरळ आत आले. तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं झालंय. त्या झुडुपाचं आता जगात जे काही उरलं होतं, ते प्रयोगशाळेतल्या शेवटच्या दोन हजार रोपांत होतं. प्रयोगशाळेतही ते कोंब म्हातारे झाले होते, पुढे फुटत नव्हते.

तिसरी खेप आली. मालकांनी सरांना नम्रपणे, खाली बघत सांगितलं, की ही शेवटची. ही गेली तर धायटी सोडून देऊ आणि शेडही. जागेवाल्याला जागा परत हवी होती. शेजारच्या माण गावातले शेतकरी तिथल्या कंपन्यांतल्या पोरांना खोल्या भाड्याने देऊन घरात बसून खात होते, आमच्या जागेवाल्यालाही तसंच बसायचं होतं.

आणि आता माझं पाप.

खेपेचा दहावा दिवस. शनिवार. दुपारी सर प्रयोगशाळेत गेलेले. हौसाबाईने चुलीवर चहा ठेवला होता, कुणाकडे तरी कांदा होता, आणि माझी नजर डब्यावर गेली. डब्यात शेवटचे तीन पापड. काकूंचे नवे पापड सोमवारी यायचे होते. निखाऱ्यावर भाजलेल्या उडदाच्या पापडाचा वास काय असतो, हे मी तुम्हाला सांगत बसत नाही. आम्ही ते तीन पापड पाच जणांत खाल्ले. मग आठवलं, की आजच आतला पापड बदलायचा दिवस.

मी नांद्याच्या दुकानात गेलो आणि एक पापड आणला. पांढरा होता, पण गोल होता. पापड तो पापड. मी तो चिमट्याला लावत असताना हौसाबाई मागून म्हणाली, "दादा, तांदळाचा हाय त्यो. पान्यात बुडीवला तरी वाकायचा न्हाई लवकर."

मी म्हणालो, "हौसाबाई, मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास आहे."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

रविवारी सकाळी आठला सर आले. चार बटणं लावलेली. चष्मा काढला, पडद्याखाली हात घातला आणि तसेच थांबले. मग आतून आवाज आला. कट्.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा होता. अकरावा दिवस होता. महिना लागेल असं तेच म्हणाले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं. पापड मोडला, म्हणजे आतली हवा कोरडी. हवा कोरडी, म्हणजे पानांतून पाणी बाहेर पडत नाही. आणि तरी रोपं ताठ. याचा अर्थ पानं दारं लावायला शिकली. अकराव्या दिवशी! "त्या झुडुपात काहीतरी होतं, परभणीकर," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्या चेहऱ्यासमोर पापड कसा काढणार? मी स्वतःला म्हणालो, कुणास ठाऊक, खरंच शिकली असतील. पडदा काढला. सर स्कूटरला लाथ मारून मालकांना सांगायला पुण्याला गेले.

साडेअकराला पहिलं रोप झुकलं. पाहुण्यांसमोर पेंगणाऱ्या माणसासारखं, अगदी हळू. मग दुसरं. मग अख्खी रांग. बाहेर मार्चचा कोरडा वारा सुटला होता. पडद्याचं प्लॅस्टिक सकाळीच गुंडाळून मालकांच्या दुसऱ्या एका शेडला गेलं होतं. मी पाण्याची झारी घेऊन इकडून तिकडे धावत होतो आणि मनातल्या मनात परभणीच्या गाडीचं वेळापत्रक आठवत होतो.

हौसाबाईने माझ्या हातातली झारी काढून घेतली. "मुळाला पानी घालून काय व्हतंय? तोंड वाळलंय त्यांचं," ती म्हणाली आणि बायकांना घरी पिटाळलं. पंधरा मिनिटांत घरोघरच्या दोऱ्यांवरच्या सुती नऊवारी साड्या आल्या. पाण्यात बुडवायच्या, पिळायच्या, कमानीवर घालायच्या. वाफा पंचवीस फुटी, साडी सत्तावीस. जणू त्या मापानेच कुणी वाफे आखले होते. हिरवी, जांभळी, डाळिंबी, अशी आमची शेड एकदम नटून बसली. शेवटचा अर्धा वाफा तेवढा उघडा राहिला. साड्या संपल्या.

आणि फाटकात मालकांची गाडी थांबली. पुढे मालक, मागे सर.

सरांनी साड्या पाहिल्या. उघड्या वाफ्यावर आडवी पडलेली रोपं पाहिली. चारही बटणं एका झटक्यात काढली, स्वेटर हौदात बुडवला, पिळला आणि त्या अर्ध्या वाफ्यावर पसरला. मग माझ्याकडे वळले.

मी सगळं सांगितलं. तीन पापड, कांदा, दुकान, फर्स्ट क्लास. मालक एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, पापडाचा इथे काय संबंध?"

सरांनी तेही सांगितलं. मालकांनी अगदी बारीक आवाजात काट्याचं विचारलं. सर बोलायच्या आत हौसाबाई म्हणाली, "त्यो कपाटात हाय जी, रुमालात. झोपलाय."

मला वाटलं आता सर माझ्याकडे बोट दाखवतील. ते मालकांना म्हणाले, "याने भूक लागली म्हणून पापड खाल्ला, ते ठीक आहे. पण मी चाळीस वर्षं शिकवतोय, आणि मला हाताला तांदळाचा पापड ओळखू आला नाही. का आला नाही, तर मला ती रोपं शहाणी ठरायला हवी होती. चूक माझी आहे. प्रॅक्टिकलमध्ये मी नापास."

मालकांनी एका साडीचा काठ उचलून खालचं रोप बघितलं. मग म्हणाले, की पाडव्यानंतरच्या सोमवारी ते औषधवाल्यांना घेऊन येतील. निम्मी रोपं उघड्यावर, पडद्याशिवाय उभी दिसली, तर शेड राहील.

साड्यांखाली तिसऱ्या प्रहरापर्यंत रोपं उठायला लागली. सगळी नाही. पाचशेच्या वर गेली. उरलेल्यांचा पुन्हा पहिला दिवस सुरू झाला. सर आठ दिवस तापाने आणि शिंकांनी बेजार होते. एकदम स्वेटर काढल्यावर काय होतं ते त्यांनी सप्रयोग सिद्ध केलं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, काकूंच्या पापडांचे एकाऐवजी दोन डबे आले. एकावर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती, 'उपकरण'. दुसऱ्यावर, 'खाऊ'. मला ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत. तो दुसरा डबा रोज माझ्या टेबलावर असायचा, आणि त्याला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती.

पाडव्यानंतरचा सोमवार उजाडला. पडदा जवळजवळ वर गेलेला, फक्त माथ्यावर उरलेला. दहाला मालक आणि औषधवाले साहेब आले. सरांनी आठलाच पापड पाहिला होता. चामडं.

मालक म्हणाले, "सर, काढूया पडदा?"

"मोडला नाही अजून."

"सर, हे लांबून आलेत."

"रोपं त्याहून लांबून आलीत. बसा."

त्यांना बसवलं. चहा झाला. हौसाबाईने 'खाऊ'च्या डब्यातले पापड भाजून दिले. साहेबांनी दोन खाल्ले आणि पापड उत्तम असल्याचं सांगितलं. बारा वाजले. मालक घड्याळ बघत होते, सर मालकांकडे बघत होते. एकला पिठलं-भाकरी झाली. साहेबांना आता मजा वाटायला लागली असावी, ते बूट काढून बसले. दोनला मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "परभणीकर, तुम्ही तरी सांगा त्यांना." मी म्हणालो, माझ्यामुळे एकदा पडदा वेळेआधी निघालाय, आता पुन्हा नको.

तीन वाजता सर उठले. चष्मा काढला. मग थांबले, चष्मा पुन्हा लावला आणि मला म्हणाले, "तुम्ही बघा."

मी आत हात घातला. आधी पापड नाकाशी नेला. उडीद, हिंग, मिरी. मग अंगठा लावला. वाकवला.

कट्.

तो आवाज एवढासा होता, पण मालकांनाही ऐकू गेला. सरांनी पडदा काढायला सांगितला आणि पाहुण्यांना आणखी एक तास उन्हात उभं केलं. पडतात का बघायला. वारा आला तेव्हा चौदाशे रोपं एकदम हलली आणि पुन्हा जागेवर आली. हौसाबाईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, पण उन्हाने बेजार झालेल्या मालकांनी आपल्याच डोक्यावर रुमाल ओला करून घातला होता, तो बघून ती हसत होती.

त्या पावसाळ्यात धायटी पौडच्या पुढे औषधवाल्यांच्या माळावर गेली. आमची शेड आणखी सहा वर्षं टिकली. आज तिथे आठ मजली इमारत आहे, पण तिचं मला वाईट वाटत नाही, तिथे आता आमचं काही राहिलेलं नाही. दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत मी सरांना त्या माळावर घेऊन गेलो. माळ तांबडा झाला होता. सर सहा बटणं लावून, एक पाय गाडीत आणि एक पाय बाहेर, अशा अवस्थेत पाच मिनिटं बसले. मग उतरून पहिल्याच झुडपाचं एक फूल तोडलं आणि पोरासारखा मध चोखला.

पण मला त्यांची आठवण येते ती त्या सोमवारची. पाहुण्यांची गाडी गेली. सर आत आले, दारात थांबून. माझ्या हातात मोडलेल्या पापडाचे दोन तुकडे अजून तसेच होते, कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सरांनी ते घेतले, हौसाबाईच्या निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी नीट भाजले, आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला.

"घ्या, परभणीकर," ते म्हणाले. "उपकरण निवृत्त झालं. आता खाऊ."